सहा माणसांची ऊब

स्वतःच्याच तोंडाने स्वतःला गारठवून घेतलेल्या माणसांची यादी कोणी केलीच, तर तिच्यात गोर्ना स्लिवा गावचे निवृत्त भूगोल-शिक्षक स्पिरिदोन वेल्कोव यांचं नाव बरंच वर घालावं लागेल. गारठा साधासुधा नव्हता. तो शासकीय मंजुरीचा, नियमात बसवलेला, भिंतीवरच्या पडद्यावर आकड्यांत दिसणारा गारठा होता आणि त्याखाली मास्तरांची स्वतःची सही होती.

झालं असं की गावची शाळा नवी करायची ठरली. मुलं उरली होती तेवीस. पण तेवीस मुलांसाठी कोणी शाळा नवी करत नाही, म्हणून अर्जात लिहिलं की ही शाळा साऱ्या गावाची होईल. सकाळी मुलं शिकतील, दुपारनंतर गाव येईल. गावचं जुनं वाचनघर छप्पर कोसळून पडलं होतं, त्यामुळे गावाला बसायला जागा नव्हती हे खरंच होतं. अर्ज मास्तरांनी लिहिला. तीन वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि एके दिवशी खरोखरच ट्रक आले. भिंतींना बाहेरून वीतभर जाडीचं अस्तर लागलं, खिडक्यांना तीन-तीन काचा बसल्या, छपरावर सौर पट्ट्या चढल्या. पावसाचं पाणी टाकीत साठून संडासात जाऊ लागलं. कोळशाची भट्टी उखडून भंगारात गेली आणि तिच्या जागी अंगणात एक पांढरी पेटी आली. ही पेटी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडते, असं इंजिनिअर बोरिल सांगत असे. बाहेर उणे आठ असताना हवेत उष्णता कुठून आली, हा प्रश्न गावाने त्याला निदान चाळीस वेळा विचारला असेल.

गावासाठी ठेवलेल्या सभागृहाची ऊब किती माणसं आल्यावर सुरू व्हावी, हेही बोरिलने भर सभेत विचारलं होतं. रिकाम्या खोलीत ऊब वाया घालवायची नाही, हे तर नव्या शाळेचं ब्रीदच होतं. मास्तर उठले. बायको राइना पहिल्या रांगेत बसली होती, त्यामुळे आवाज जरा जास्तच लागला.

"सहा!" मास्तर म्हणाले. "सहापेक्षा कमी माणसं जमली तर त्याला समाज म्हणत नाहीत, टवाळकी म्हणतात!"

टाळ्या पडल्या. फक्त मागून मिंचो उभा राहिला. मिंचो म्हणजे शाळेचा भट्टीवाला. एकतीस वर्षं त्याने त्या भट्टीत कोळसा ओढला होता. तो म्हणाला, "एक पोर जरी वर्गात बसलं असेल तरी मी वर्ग तापवलाय." त्यावर मास्तरांनी त्याच्या भट्टीला संग्रहालयात ठेवण्याची वस्तू म्हटलं. पुन्हा टाळ्या पडल्या. मिंचो टोपी घालून निघून गेला आणि पुढची चार वर्षं मास्तरांशी एक शब्द बोलला नाही. राइना घरी जाताना एवढंच म्हणाली, "त्याला एवढं बोलायला नको होतंत." मास्तरांना तेव्हा ते पटलं नव्हतं.

शाळा तयार व्हायच्या आत राइना गेली. गेल्या वर्षी वसंतात, आठ दिवसांच्या आजारात. मुलगी यासेना स्पेनमध्ये, तिच्या दोन मुलांसह. घरात मास्तर एकटे. एकट्या माणसाच्या घरात घड्याळाचा आवाज वाढतो असं ते कधी वर्गात शिकवत नव्हते, पण आता त्यांच्या ते लक्षात आलं होतं. म्हणून नोव्हेंबरात सभागृह उघडलं त्या दिवशी दुपारी दोनला मास्तर दाराशी हजर होते. बगलेत वर्तमानपत्र होतं आणि खिशात बुद्धिबळाची डबी. डबी अर्थातच दुसऱ्या माणसासाठी होती.

दुसरा माणूस आला नाही. पडद्यावर एक हिरवं पान उमटलं. त्याखाली: ‘व्यक्ती: १. तापमान: १२. कृपया प्रतीक्षा करावी.’ मास्तरांनी प्रतीक्षा केली. दहा मिनिटांनी दिवा गेला. आत हालचाल दिसली नाही की दिवा जातो, ही सूचनाही मास्तरांचीच. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, दिवा आला. वर्तमानपत्राचं पान होईपर्यंत पुन्हा गेला. असं तासभर चाललं. त्या वेळी शेळ्या घेऊन खिडकीजवळून चाललेल्या त्सोनका आजीने आत पाहिलं, मास्तर हात हलवताहेत असं पाहून तिनेही हात हलवला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर केलं की मास्तर बिचारे रिकाम्या खोलीत लोकांना रामराम करत बसतात.

मग सल्ले आले. सल्ल्यांना गोर्ना स्लिवात सहा माणसांची अट नाही.

"मांजरं न्या, मास्तर," त्सोनका आजी म्हणाली. "माझ्याकडे पाच आहेत. तुम्ही सहावे."

"यंत्राला मांजर कळतं, आजी."

"मग यंत्राला मास्तर कळत नाही होय?"

दुकानदार गांचोचा सल्ला जास्त शास्त्रीय होता. "यंत्र मोजतं कुठे? पुढच्या दारात. मागच्या दारात मोजतं? नाही. मग पुढून आत जा, मागून बाहेर या, वळसा घालून पुन्हा पुढून आत. सहा वेळा. झाला समाज!"

पस्तीस वर्षं मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितलेल्या माणसाला हा सल्ला पटायला नको होता. पण बारा अंशांत तत्त्वं आखडतात. मास्तरांनी सहा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला टोपी काढली, चौथ्याला मफलर उलटा घातला. यंत्राला त्याचं काही नव्हतं, पण मास्तरांना तेवढंच बरं वाटलं. सहाव्या वेळी पडद्यावरचं पान फुललं, छतातून हळूच ऊब उतरू लागली आणि मास्तरांनी त्या दिवशी सुखाने अख्खं वर्तमानपत्र वाचलं, मृत्युलेखांसकट. मग पुढच्या दाराने ते घरी गेले.

आता हिशेब सरळ आहे. सहा आत गेले, एक बाहेर आला. रात्रभर यंत्राच्या मते सभागृहात पाच माणसं निपचित पडून होती. सकाळी त्याने इमानदारीने शहरात कळवलं: ‘पाच व्यक्ती, हालचाल नाही.’ मास्तर पाव आणायला निघाले तेव्हा शाळेसमोर अग्निशामक बंब, रुग्णवाहिका आणि रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवलेली सरपंच झिवका उभी होती. जवान कटावणीने दार उचकटायच्या बेतात होते.

"थांबा!" मास्तर ओरडले. "आत कोणी नाही!"

"पाच जण आहेत," जवान म्हणाला. "बेशुद्ध."

"ते पाचही मीच!"

यावर जवानाने रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरणीकडे पाहिलं आणि तिने मास्तरांची नाडी पाहायला हात पुढे केला. मान खाली घालून उभं राहण्याचा प्रसंग मास्तरांनी आयुष्यभर इतरांवर आणला होता. तो स्वतःवर आल्यावर मान नेमकी किती खाली घालतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते बुटांकडे बघत राहिले.

आठवड्याने पत्र आलं. पंधरा डिसेंबरच्या आत सभागृहात सहा खरीखुरी माणसं निदान दोन तास बसलेली दिसली नाहीत, तर ते वसंतापर्यंत बंद. ‘खरीखुरी’ या शब्दाखाली रेघ होती.

तेव्हा मास्तरांना बारा डिसेंबर आठवला. संत स्पिरिदोनचा दिवस, म्हणजे त्यांच्या नावाचा. इवान नावाची माणसं गावात पन्नास, त्यांच्या दिवशी पाहुण्यांना घरं पुरत नाहीत असं नाही, घरांना पाहुणे पुरत नाहीत. पण स्पिरिदोन गावात एकटाच. त्या दिवशी सारं गाव वेल्कोवांकडे लोटायचं. आणि नावाच्या दिवसाचं बोलावणं नसतं. बोलावणं करणं म्हणजे अपमान, दोघांचाही. ज्याच्या नावाचा दिवस त्याने चूल पेटवावी, टेबल मांडावं, फाटक उघडं ठेवावं. ज्याला यायचं तो येतो. राइना तीन तबकं बानित्सा भाजायची. चीज घालून वळलेले ते पापुद्रे टेबलावर येईपर्यंत अर्धे संपायचे. गेल्या वेळी वर्षभराचं सुतक होतं, कोणी आलं नाही, ते रीतसरच होतं. यंदा सुतक फिटलं होतं.

आणि इथेच मास्तर अडले होते. सभागृह, पंधरा तारीख, हिरवं पान, हे सगळं बोलायला ठीक होतं. खरं भय वेगळंच होतं. लोक इतकी वर्षं कोणासाठी येत होते? राइना हसायची, लोकांच्या लेकराबाळांची नावं लक्षात ठेवायची, दारात उभी राहून निरोप द्यायची. मास्तर टेबलाच्या टोकाशी बसून लोकांची भूगोलातली चूक सुधारायचे. फाटक उघडं ठेवून त्या घरात बसावं आणि कोणीच येऊ नये, हे त्यांना सोसणार नव्हतं. त्यापेक्षा सभागृहात बसावं. तिथे कोणी आलं नाही तर तो शासनाचा उपक्रम फसला असं तरी म्हणता येईल.

सभागृह मागायला ते शहरात नगरपालिकेच्या खिडकीवर गेले. बाईंनी अर्ज पाहिला.

"आमंत्रितांची यादी जोडा. सात दिवस आधी."

"नावाचा दिवस आहे, बाई. आमंत्रित नसतात."

"ते मला नका सांगू. माझ्या नावाच्या दिवशी चाळीस जण आले, शेजारणीकडून खुर्च्या आणल्या. पण यादी लागते."

"कोण येईल ते मला कसं कळणार?"

"मग आम्हाला कसं कळणार?"

मास्तरांनी ‘जो येईल तो’ असं लिहून पाहिलं. बाईंनी ते खोडलं. मागे रांग वाढली होती, कोणीतरी खाकरलं. मास्तरांनी पेन उचललं आणि हाताला जे तोंडपाठ होतं ते उतरवायला सुरुवात केली: त्यांच्या पहिल्या वर्गाची हजेरी. बोगोमिला. ती आता स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. वेसेलिन, जर्मनीत ट्रक चालवतो. गेर्गाना, शिकागो. देल्यान, चर्चमागच्या कबरींत, डावीकडून तिसरा, मोटारसायकल. नदी कुठे उगम पावते विचारलं की देल्यान नेहमी "आमच्या शेतात" म्हणायचा. एकतीस नावं झाली. गावात त्यांतलं एकही उरलं नव्हतं, हे मास्तरांना शेवटच्या नावाशी आल्यावर कळलं आणि ते पेन हातात धरून नुसते उभे राहिले.

"एकतीस," बाई खूश होऊन म्हणाल्या. "वा! चाळीसपर्यंत चालतात." आणि तीन दिवसांचं काम एका मिनिटात होऊन शिक्का बसला.

आता गावाला कळवायचं कसं? ‘सभागृहात या’ म्हणणं म्हणजे बोलावणं झालं. मास्तरांनी आडून आडून सुरुवात केली.

"शनिवारी सभागृह बहुतेक गरम असेल," ते गांचोला म्हणाले.

"पुन्हा फेऱ्या मारणार?" गांचो म्हणाला. "गुडघे सांभाळा, मास्तर."

त्सोनका आजीला त्यांनी विचारलं, शनिवारी शाळेकडे शेळ्या नेणार का. "बर्फात?" ती म्हणाली. "शेळ्या काय तुमच्यासारख्या शिकलेल्या आहेत?"

यापुढे जाणं मास्तरांच्या मानीपणाला जमलं नाही.

शनिवारी त्यांनी आयुष्यातली पहिली बानित्सा भाजली. कडा करपल्या, मधला भाग दमट राहिला. घराला कुलूप लावलं, फाटक ओढून घेतलं आणि पत्र्याचं तबक, राकिया दारूची बाटली, लोणच्याची बरणी घेऊन ते बाराला सभागृहात पोचले. चाळीस खुर्च्या मांडल्या. मग चाळीस फार उघड्या दिसतात म्हणून वीस केल्या. मग दहा. पडद्यावर पान उमटलं. व्यक्ती: एक.

एक वाजला. दोन वाजले. सभागृहाच्या खिडक्या नदीकडे, रस्त्यावरचं काही दिसत नव्हतं. दिवा जात होता, मास्तर हात वर करत होते. अडीचला यासेनाचा फोन आला, चेहरा दिसणारा.

"नाव शुभ असो, बाबा! किती जण आलेत?"

"गर्दी आहे," मास्तर म्हणाले.

"आवाज नाही येत कोणाचा."

"खाताहेत."

नेमका तेव्हा दिवा गेला. "बाबा, अंधार का झाला?"

"मेणबत्त्या लावायच्यात. ठेवतो हं, लोक थांबलेत." फोन ठेवल्यावर त्यांनी हात हलवले नाहीत. थोडा वेळ अंधारच बरा वाटला. तर मग असं आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. लोक राइनाकडे येत होते. यात कोणाचा दोष नव्हता. मास्तर त्यांच्या जागी असते तर तेही तिच्याकडेच आले असते. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मफलरने पुसलं. मफलर लोकरीचा होता, टोचला.

साडेचारला दिवेलागण झाली तेव्हा ते सगळं उचलून घरी निघाले. फाटकाशी येऊन थबकले. सकाळी पडलेला ताजा बर्फ त्यांच्या फाटकासमोर पार तुडवला गेला होता. कोणाचे मोठे बूट, कोणाचे छोटे, एका काठीची भोकं. फाटकाच्या कडीला पिशव्या लटकत होत्या.

कुंपणापलीकडून त्सोनका आजी कडाडली. "मास्तर! होता कुठे?"

"सभागृहात."

"आज? नावाच्या दिवशी? तिथे काय केलंत?"

"वाट बघत होतो."

"कोणाची? आम्ही सगळे इथे उभे होतो! बारापासून तीनपर्यंत कोणी ना कोणी येत होतं! सतरा माणसं!"

मास्तरांनी तबक फाटकाच्या खांबावर ठेवलं. "सतरा? कोण कोण?"

"कोण म्हणजे? गांचो आणि बायको. झिवका. पाद्रीबाबा. शिक्षिका दोघी. पेटकोव म्हातारा काठी टेकत, त्याची सून, नात. कुलूप बघून सगळे म्हणाले, मास्तरांना कोणी नको असेल, अजून दुःखात असतील. कुलूप म्हणजे येऊ नका, दुसरं काय समजायचं? मिंचो तेवढा म्हणाला, दहा मिनिटं थांबू."

"मिंचो?"

"मिंचो. तो नंतर एकटा अर्धा तास थांबला. मी म्हटलं, माझ्याकडे बस. नाही म्हणाला."

"आजी, पुन्हा एकदा सांगा ना."

"काय?"

"कोण कोण ते."

आजीने पुन्हा सांगितलं. या वेळी दोघं जास्त आठवले, म्हणजे एकोणीस. तिसऱ्यांदा मास्तरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की तिचे पाय गोठलेत, मालिका सुरू झालीय आणि हजेरी घ्यायची असेल तर उद्या घ्या. दार आपटून ती आत गेली.

सभागृहाला आता कुलूप लागणार होतं आणि मास्तरांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते अंधारात उभे राहून बोटांवर नावं मोजत होते. एकोणीस माणसं फक्त त्यांच्यासाठी बर्फात उभी होती आणि ते अर्ध्या मैलावर यंत्रापुढे हात हलवत बसले होते. आनंद व्हावा की स्वतःच्या कानफटात मारावी, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तबक उचललं. नावाचा दिवस कोणी दुसऱ्याच्या दारी घेऊन जात नाही. गावात असं कधी झालं नव्हतं, आणि लोक हसणार हे नक्की होतं. मास्तर गल्लीच्या टोकाच्या घराकडे चालू लागले. चार वर्षं ते त्या घरासमोरून जाताना रस्त्याची दुसरी कड धरत होते.

दार वाजवायला हात मोकळा नव्हता, म्हणून बुटाने ठोकलं.

"कोण?"

"स्पिरिदोन."

आत खुर्ची सरकली. मग दार वीतभर उघडलं. मिंचो लोकरी मोज्यांत उभा होता. त्याच्या मागे भिजलेले बूट शेगडीसमोर वाळत टाकलेले दिसत होते.

"आज मी घरी नव्हतो," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे," मिंचो म्हणाला. "मी येऊन गेलो."

मास्तरांनी सभेतल्या बोलण्याबद्दल वाक्य तयार केलं होतं, चांगलं तीन भागांचं. ते राहूनच गेलं आणि भलतंच बाहेर आलं. "मला वाटलं, कोणी येणार नाही."

"कुठल्या गाढवाने सांगितलं?"

"मीच म्हटलं मला."

"तरीच," मिंचो म्हणाला. त्याने तबकातल्या करपलेल्या कडांकडे पाहिलं, मग मास्तरांच्या लाल नाकाकडे. दार पूर्ण उघडलं. "ये आत. आणि लाव ते दार, सगळी ऊब बाहेर चाललीय."